आमच्या गल्लीची नोंद

...नाही, पण मी काय चुकीचं लिहिलं, सांगा ना! तुम्हाला सांगते, तो फोनमधला नकाशा असतो ना, आपणच सगळ्यांनी मिळून भरायचा, तो मला सुनेनं शिकवला. म्हणाली, "आई, संध्याकाळी फिरायला जाताच, तर कुठल्या रस्त्यावर उजेड कसा आहे तेवढं भरत चला. एकट्यादुकट्या बाईला उपयोग होईल." झालं, लागले कामाला! खांबाखाली उभं राहायचं. समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू आला तर 'चांगला', नुसतं माणूस आहे एवढंच कळलं तर 'बरा', आणि अंगावर येऊन आदळला तर... 'नाही'!

मग आली आमचीच गल्ली. खांब तीन, तिन्ही मेलेले. उजेड काय तो टेलरमास्तरांच्या दुकानाबाहेरच्या बल्बचा. पण नियम म्हणजे नियम, दुकानाचा दिवा धरायचा नाही, खांबाचाच धरायचा. आता स्वतःची गल्ली म्हणून खोटं लिहू? लिहिलं, 'उजेड: नाही'. वाटलं, कोणीतरी बघेल, दिवे लागतील. मी काय चुकीचं लिहिलं?

दिवे कुठले लागतायत! फोन लोकांना सांगायला लागला, इकडून नको, मोठ्या रस्त्यानं जा. आणि लोक घरच्यांचं ऐकत नाहीत, फोनचं ऐकतात! गल्ली ओस पडली. मास्तर दारात हजर, गळ्यात टेप तसाच. "वहिनी, अहो संध्याकाळचं गिऱ्हाईकच तुटलं! आता अंधार पडायच्या आत शटर ओढतो." ओढलं. बल्बही बंद... म्हणजे होता नव्हता तो उजेड मीच घालवला, खरं लिहून!

आणि सून त्याच वाटेनं येते हो कामावरून. घर गल्लीच्या पार टोकाला, दुसरी वाट आणू कुठून? मागच्या महिन्यात एकदा आली ती धापा टाकत, चप्पल एकाच पायात. "आई, मागे कोणीतरी होतं... कोण ते दिसलंच नाही." बसवलं, पाणी दिलं.

पालिकेत गेले, दिव्यांच्या खात्यात. साहेब मान वर न करता म्हणतात, "बाई, त्या गल्लीत वर्दळच नाही. दिवा लावायचा कुणासाठी?"

"माझ्या सुनेसाठी," म्हटलं.

"एका सुनेसाठी खांब दुरुस्त होत नसतात!"

तेव्हापासून रोज बॅटरी घेऊन मीच उभी राहते, मधल्या खांबाला टेकून. येईल त्याच्या पायाशी उजेड धरते. "सावकाश हो, तिथं खड्डा आहे... तुम्ही कोणाकडचे? आईचा गुडघा कसा आहे?" दोन-चार माणसं परत यायला लागलीत. सून आली की मात्र बॅटरी तिच्या चेहऱ्यावर धरते. ओळखू येतो. 'चांगला'!

काल तिनं ओठ दाबून हसत फोन पुढे केला. कोणीतरी आमच्या गल्लीची नोंद बदललीय: 'मधला खांब. दिवा: एक. चालू आहे. प्रश्न फार विचारतो.'

चष्मा पुसून दोनदा वाचलं... जाऊ दे झालं. त्यानं तरी काय चुकीचं लिहिलं, सांगा!