ओठांतल्या टाचण्या

नाही हो ताई, नाद वगैरे काही नाही, तसं लिहून टाका. माणसं मोबाइलमधल्या या एआय का काय त्या मशिनशी काय बोलतात याचाच अभ्यास ना तुमचा? मग लिहा — शिवणकाम करणारी बाई, चौथी पास, कापड किती लागेल ते विचारते. झालं. आणि तो रेकॉर्डर आधी कापडावरून उचला, इस्त्री मोडते.

आणखी काय विचारणार मी? काही नाही. म्हणजे — लेकीला निरोप पाठवते कधीतरी. मी बोलते, ते नीट करून लिहितं. नीट म्हणजे काय? मी म्हटलं, "मेलीस का जिवंत आहेस, एवढं तरी कळव," की ते लिहितं, "बाळा, तुझी काळजी वाटते." बाळा! जन्मात कधी म्हटलं नाही मी. पण करता काय — माझ्या जिभेला कंटाळूनच घर सोडून गेली ना कार्टी. मला उत्तर देत नव्हती, त्या 'बाळा'वाल्या निरोपाला लगेच दिलं. मग मी बोंबलायचं आणि त्यानं साखर पेरायची, असं चाललंय. लबाडी? लबाडी कसली? काळजी माझीच आहे ना?

असं बघू नका. बरं, सांगते. सकाळी तिचा निरोप आलाय — "आई, हे सगळं तूच लिहितेस ना? आज येते. एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय. नाहीतर परत बोलावू नकोस." मशिनला विचारलं, दारात काय म्हणू? दिलं की त्यानं छान वाक्य, तेव्हापासून घोकतेय. ऐका — "बाळा, तुझ्याशिवाय हे घर..." घर... बघा, इथेच अडकतं. गिऱ्हाइकाला फाडून खाते मी, आणि इथे — ती म्हणायची, आई, माझ्याशी बोलताना तुझ्या तोंडात कायम टाचण्या. खरंच होतं ते. काही हळवं बोलायची वेळ आली की चार टाचण्या ओठांत धरायच्या आणि खाली कापडाकडे बघायचं. मग कोण बोलायला सांगतंय?

तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा — तिला ती बाळावाली आईच हवी असेल, तर मी कुठून आणू?

थांबा. जिना वाजला. तिचाच पाय — एक पायरी गाळून चढते. ती टाचण्यांची डबी द्या इकडे, द्या पटकन — नको. नको, राहू दे. लांब ठेवा. आणि तो रेकॉर्डर बंद करा, उठा तुम्ही. हे तुमच्या अभ्यासाचं नाही.