परत म्हटल्याशिवाय चाक सोडायचं नाही

अध्यक्ष अण्णासाहेब, व्यायामशाळेचे सभासद, मोहल्ल्यातले शेजारी, सकाळच्या एसटीने नरखेडहून आलेले आमचे गाववाले, आणि समोर बसलेली माझी भावजय, कमल.

मला बोलता येत नाही, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधून मी निवृत्त झाले तेव्हा पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. पण आज शब्द निघत नाही. यशवंता माझा धाकटा भाऊ. धाकट्याच्या शोकसभेत थोरल्या बहिणीने बोलायचं, हा क्रमच चुकलेला आहे. तेव्हा मी अडखळले तर सांभाळून घ्या. चिडले तर मात्र सांभाळून घेऊ नका. मी मनापासून चिडलेली आहे.

कशासाठी, ते सांगते.

तो मैदानातल्या डोलकाठीवरून पडून गेला, असं बाहेर पानठेल्यावर बोललं जातं. साफ खोटं. तो घरातच गेला. सकाळी, खुर्चीत, कमलने दिलेला चहा अर्धा पिऊन. हृदयाने दगा दिला. ज्याला भर समुद्रातल्या वादळाने पाडलं नाही, त्याला आपल्या मैदानातला खांब पाडणार होय?

आणि दुसरं. माझ्याआधी तिघे बोलले. छान बोलले. तिघेही म्हणाले, यशवंतरावांचं कार्य पुढे नेलं पाहिजे. नेलं पाहिजे! कोणी? एकाच्याही तोंडून 'मी' हा शब्द आला नाही. उलट शेवटच्या वक्त्यांनी सुचवलं की मैदानातली डोलकाठी आता धोक्याची आहे, ती उतरवावी आणि त्या जागी यशवंताचा अर्धपुतळा बसवावा. त्यावर टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या!

अर्धा यशवंता घेऊन मी काय करू?

तरुण मंडळींना ठाऊक नसेल, म्हणून थोडं मागचं सांगते. आमची गावी संत्र्याची बाग. मला इथे शहरात, सदरला मावशीकडे ठेवून कॉन्व्हेंटात घातलं, हा गावातच शिकला. म्हणून मी अशी बोलते आणि तो तसा बोलायचा. शाळा संपली आणि हे साहेब संत्र्यांच्या पेट्यांसोबत मुंबईला गेले. पेट्या पोचल्या. साहेब परत आले नाहीत. मालवाहू बोटीवर खलाशी झाले. काही वर्षांनी एक परदेशी जहाज दुरुस्तीला मुंबईत लागलं होतं. तीन डोलकाठ्यांचं, नुसत्या शिडांवर चालणारं. इंजिनाची बोट सोडून हा त्यावर चढला. आफ्रिकेला वळसा घालून पार युरोपपर्यंत जायचं होतं.

निघण्यापूर्वी तो गावी आला. बाबा विहिरीवर होते.

"इंजिन नाही म्हणतं त्याले?"

"नाही, बाबा."

"मंग हवा नाही सुटली त?"

"त बसून राहाचं."

"आन् लय सुटली त?"

"त वर चढाचं."

बाबा म्हणाले, "बसाचंच असन त इथं काय वाईट हाये गा?"

पण तो चढण्यासाठीच चालला होता. दोराच्या शिडीवरून वर जायचं, अनवाणी. वर आडव्या वाशावर पोट टेकायचं, पायांखाली नुसता एक दोर, आणि ओलं शीड मुठीमुठीने ओढून गुंडाळायचं. एक हात जहाजासाठी, एक हात स्वतःसाठी. मला म्हणायचा, "ताई, ओल्या शिडाले हात लावून पाहा. म्हशीचं कातडं वाटन." खाली यावं तर डेक घासायचं, फाटलेलं शिवायचं, दोरांना डांबर लावायचं. चार तास काम, चार तास झोप, की पुन्हा हाक. आधी भाजीतला कांदा संपला, मग भाजी संपली. आईने बांधून दिलेली भिवापूरची मिरची तेवढी उरली. ती त्याने कप्तानाला चाखवली, आणि दोन दिवस जहाजाला हुकूमच मिळाला नाही. ही थाप आहे, मला माहीत आहे. पण कमल हसली, म्हणून सांगितली.

आता जे सांगते ती थाप नाही.

त्या जहाजावर एक शिस्त होती. हुकूम कानावर आला की 'हो' म्हणायचं नाही. तो हुकूम जसाच्या तसा मोठ्याने परत म्हणायचा, मगच दोराला हात घालायचा. यशवंताला हा पोरखेळ वाटे. आपल्याकडे 'हो' म्हटलं की काम झालंच! एकदा अचानक वारा फिरला. खलाशांचा मुकादम, तांडेल, गोव्याचा म्हातारा होता. तो ओरडला, अमका दोर सोड. आमचा शहाणा म्हणाला, हो हो. आणि शेजारचाच सोडला. वरचा वासा गर्रकन फिरला. वाशावर एक माणूस होता. त्याचे दोन्ही पाय सुटले. एका हाताने लोंबकळत राहिला.

माणूस वाचला. यशवंताला वाटलं, आता आपल्याला समुद्रात फेकतील. तांडेल जवळ आला आणि एवढंच म्हणाला, "तुझं 'हो' मला नको. माझा शब्द मला परत दे."

तेव्हापासून हा माणूस जन्मभर शब्द परत देत राहिला. लग्न झाल्यावर कमलने आतून सांगावं, कोथिंबीर आणा. याने अंगणात उभं राहून गर्जना करावी, "कोथिंबीर आणतो!" कमलच्या आईने तिला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "काहून वं, जावाईबापूले कमी ऐकू येते का?" सगळे हसले. मी हसले नाही. एक्स्चेंजमध्ये आम्हीही नंबर परत म्हणत असू. परत न म्हटलेला नंबर म्हणजे भलत्याच घरात वाजलेली घंटा.

समुद्रावरून परत आल्यावर त्याने सागाचा सोट आणून आपल्या मल्लखांबाशेजारी उभा केला. दोराची शिडी, आडवा वासा, खाली जाळी. समुद्र नाही तिथे डोलकाठी! लोकांनी वेड्यात काढलं. त्यावर मुलीही चढणार म्हटल्यावर तर याच सभागृहात केवढा गदारोळ! अण्णासाहेब, तुम्हीच सर्वांत मोठ्याने ओरडत होता. यशवंताने शांतपणे विचारलं होतं, "दोराले काय समजते गा, पोरगी हाये का पोरगा हाये?" दुसऱ्या वर्षी तुमची नात वर होती, आणि खाली मान वर करून कोण उभं होतं, ते मी सांगत नाही.

मागच्या रांगेत शालिनी मेश्राम बसली आहे. यशवंताकडे पहिल्यांदा चढलेल्या मुलींपैकी ही एक. आज बँकेत नोकरी करते, आणि त्याचे गुडघे थकल्यापासून सकाळी मुलांना तीच वर चढवते. पुतळा सुचवणाऱ्यांनी तिला एका शब्दाने विचारलं का?

त्या जहाजावरची आणखी एकच रीत सांगते आणि संपवते. सुकाणूच्या चाकावर बदलीचा माणूस आला की जुना त्याला दिशा सांगतो. नवा ती मोठ्याने परत म्हणतो. तोपर्यंत जुन्याने चाक सोडायचं नाही. पाऊस असो, थंडीने बोटं गळोत, झोपेने डोळे मिटोत. परत म्हटल्याशिवाय चाक सोडायचं नाही.

तर यशवंताच्या वतीने दिशा मी सांगते. डोलकाठी उतरणार नाही. खाली नवी जाळी लागेल. पोरंपोरी चढत राहतील.

अण्णासाहेब, नुसती मान हलवू नका. मान हलवणं म्हणजे 'हो'. ते मला नको. माझा शब्द मला परत द्या.

काय म्हणालात? इकडे, माइकमध्ये.

हं. "डोलकाठी उतरणार नाही." जाळीचं? "नवी जाळी लागेल." आणि पोरंपोरी? "चढत राहतील." ऐकलंत सगळ्यांनी? गाववाले, तुम्हीही ऐकलंत ना? साक्षीला आहात तुम्ही.

ऊठ वं शालिनी. रडू नकोस, आवाज बसेल. डोलकाठी आता तुझ्या हातात.

मोठ्याने, बाई. कमलपर्यंत पोचू दे.

"डोलकाठी माझ्या हातात."

पोचलं का, कमल? पोचलं म्हणते.

यशवंता, शब्द परत आला रे. आता चाक सोड. खूप वेळ धरलंस.

उठा सगळे. दोन मिनिटं आता कुणी काही बोलणार नाही. मीसुद्धा नाही.