सावधान उभे राहिलेले मामा

तुम्हाला माझी चिंता माहीतच आहे. माझी लेक चिऊ दोन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. मी पुस्तकं दाखवून "आई म्हण, आई" करायचे आणि ती शांतपणे पुस्तक चावायची. माझंच काहीतरी चुकतंय, याची मला खात्रीच झाली होती. तिला खरी मजा यायची ती सकाळी गच्चीवर आजोबांबरोबर परेड करायला.

तर परवा आजोबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा (मी त्यांना मामा म्हणते), फौजेच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला मी मोबाइलवर काढत होते. कॅमेऱ्यासमोर फक्त डोळे मिचकवायचे असतात. पण सरकारसमोर बसायचं कसं, म्हणून मामा सावधान उभे राहिले. नजर समोर, पापणी ढिम्म.

"मामा, डोळे मिचकवा की."

"सावधानात हलायचं नसतंय, पोरी."

"अहो, सरकारला वाटंल हे गेलं!" सासूबाई लसूण सोलता सोलता ओरडल्या. "पेन्शन बी जाईल, फुकटचा दवाखाना बी जाईल!"

मामा पुतळ्यासारखे उभेच. मोबाइलचं आपलं 'पुन्हा प्रयत्न करा' चालूच.

तेवढ्यात चिऊ मधे आली, पाय आपटला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "विछाम!"

मामांचे खांदे सैल झाले, डोळे भरले आणि पापण्या आपोआप मिटल्या. दाखला निघाला.

मी रडत रडत चिऊला जवळ घेतलं. "सोन्या, आता आई म्हण."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "छावधान!"

काय सांगू, राहिले की उभी.