आमंत्रणाची वाट

मी ती भाषणं का थांबवली विचारताय, तर ऐका. एक्याण्णव साली मी इंग्लंडमध्ये शिकून भाईंदरला परतलो, तो फ्रीमेसन या जुन्या, बंद दाराआड सभा भरवणाऱ्या संघटनेचा सभासद होऊनच. जात-धर्म बाजूला ठेवणारी ही बंधुता आपल्या पोरांना कळलीच पाहिजे, या झपाटलेपणात मी सोसायटीच्या हॉलमध्ये कॉलेजच्या मुलांना गोळा करायचो.

"दादा, तुमच्या सभेत कवटी ठेवतात म्हणे," एकाने विचारलं.

"तुझी ठेवतील. रिकामीच आहे," नितीन म्हणाला.

नितीन आमच्याच बिल्डिंगमधला. दर रविवारी यायचा, खुर्च्या मांडायचा, शेवटी उचलायचा. आम्हा फ्रीमेसन लोकांत नियम असा, की कुणाला ‘सभासद हो’ म्हणायचं नाही. ज्याला यायचंय त्याने स्वतः विचारायचं. पण स्वतः विचारावं लागतं, हे मुलांना सांगणंसुद्धा मला गळ घातल्यासारखं वाटायचं. म्हणून मी नितीनच्या विचारण्याची वाट बघत राहिलो. वर्षभर.

गणपतीनंतर त्याला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला.

भेटायला गेलो तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "तुमच्या सभेला लागतो तसा काळा कोट शिवून घेतला होता त्याने. मी म्हणायचो, अरे, तूच विचार ना दादाला. तर म्हणायचा, बाबा, असं स्वतःहून कसं विचारायचं? योग्य वाटलो तर बोलावतील."

मी मान खाली घातली.

"एक सांग, त्याच्यात काय कमी होतं?"

तोंडाशी आलेला नियम मी गिळला. म्हटलं, "काहीच नाही, काका."

"मग एकदा नुसतं ‘ये’ म्हणायचं होतंस."