पेट्रोलचा वास आणि पाण्याच्या घड्या

नाही, एकानं म्हणून माझ्यावर विश्वास ठेवला नाही! घरात दोन बाप्ये, दोघांना धडधाकट नाकं, आणि दोघंही मलाच सांगतात, ‘वास? कसला वास? तुला झोपेत आला असेल.’ झोपेत! अहो, टक्क जागी होते मी! स्टेअरिंगवर दोन्ही हात, समोर लाल सिग्नल, मागे हॉस्पिटलच्या चादरींचे गठ्ठे, इस्त्रीची ऊब अजून न गेलेले... आणि त्या उबेतून येणारा पेट्रोलचा भपकारा. आता तुम्हीच सांगा, जी बाई जन्मभर लोकांचे कपडे धुते, तिला साबण कुठला न् पेट्रोल कुठलं एवढं कळणार नाही?

पण चादरीत पेट्रोल शिरलं कुठून? तर आमच्या दिरामुळे. गल्लीत त्याला सायलेन्सर म्हणतात. दिवसभर कुणाच्या तरी गाडीखाली आडवा, आणि तोंडातून आवाज म्हणून नाही. बोललाच तर एक शब्द, ‘चालतंय.’ त्याला भंगारात कुठल्या मोठ्या गाडीचा कार्बोरेटर मिळाला, इंजिनाला पेट्रोल पाजतो ना, तो. घरी आणला कसा? तान्हं मूल आणावं तसा, फडक्यात गुंडाळून! ‘वहिनी, गाडी पळेल.’ अरे पण मला पळायचंय कुठे? लाँड्रीतून हॉस्पिटलात, हॉस्पिटलातून लाँड्रीत! ऐकतो कोण... कार्बोरेटर बसवला, मागे धुराचं रुंद नळकांडं लावलं आणि फिरवली चावी.

आणि तुम्हाला सांगते... खोटं कशाला बोलू, आवाज असा काही निघाला! ढुब्... ढुब् ढुब्... ढुब्... मधेच थांबल्यासारखा व्हायचा, आपण श्वास धरायचा, की परत ढुब्. कुणा मोठ्या मायाळू जनावरानं पोटाशी घ्यावं तसं वाटायचं. सिग्नलला उभी राहिले की तो लाल दिवा हळूहळू विरघळायचा, रस्त्याचं पाणी व्हायचं, मागच्या चादरी आपसूक उलगडून खिडकीतून बाहेर पडायच्या, आणि त्यांच्या पलीकडे आई! जाऊन किती वर्षं झाली तिला. तीही धुणंवालीच. गुडघाभर पाण्यात उभी राहून पाण्याचीच घडी घालायची. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ‘झटक,’ म्हणायची, ‘नीट झटक, सुरकुती राहील.’ आम्ही पाणी झटकायचो, काठाला काठ लावायचो, घडीत एखादा मासा राहिलाच तर ती तो अलगद सोडून द्यायची... इतक्यात मागून पों पों पों! ‘ओ मावशी, झोपलात काय?’ झोपतोय तुझा बाप! टक्क जागी होते मी!

बरं, गाडी तोवर बंद पडलेली असायची. परत चालू करा, काळा धूर सोडा, लोकांच्या शिव्या खा.

मग एक दिवस हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंनी चादर नाकाला लावली. आधीच ती बाई इतकी कडक, की तिच्यापुढे मीसुद्धा हळू बोलते. म्हणाली, ‘पेशंटला हिच्यावर झोपवू, की हिनं पेटवू? असा गठ्ठा परत आला तर मी दुसरी लाँड्री बघीन.’ आता आली का पंचाईत! हॉस्पिटल गेलं तर लाँड्रीत करायचं काय, स्वतःच्याच उशांचे अभ्रे धूत बसायचं?

घरी आले आणि म्हटलं, गाडी ट्यूनिंगला द्यायची, पेट्रोल-हवेचं माप बसवून घ्यायला, त्यातल्या माणसाकडे. झालं! आमचे हे म्हणाले, ‘ट्यूनिंग रेडिओचं करतात.’ सायलेन्सरच्या तर नाकाला मिरच्या झोंबल्या. ‘मी कानानं लावलंय, वहिनी. चालतंय.’ म्हटलं, अरे चालतंय कुठे मेल्या, चौकाचौकात बसतंय! इंजिनातला प्लग काढून त्याच्या डोळ्यांपुढे धरला, तव्याच्या बुडासारखा काळा! तर ह्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला न् म्हणाले, ‘दमली आहेस तू. पड जरा.’

ह्यांचं दुखणं वेगळंच होतं, मला माहीत आहे ना! रोज संध्याकाळी ‘इंजिन तापवून येतो’ म्हणून खाली जायचे, काचा बंद करून गाडीत बसायचे, आणि वर यायचे ते डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर हसू. ‘पांढऱ्या बोटीत होतो गं...’ म्हणायचे. गं! लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्याशी ‘गं’ लावून कधी बोलला नव्हता हो.

आणि मी? मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? तोंडानं ट्यूनिंग ट्यूनिंग करत होते, पण रात्री वाटलं, साबण जास्त घालू, गठ्ठ्यांवर प्लास्टिक घालू... गाडी राहू दे अशीच. ढुब् ढुब् गेलं तर मग मी तिला भेटायचं कुठे?

दुसऱ्या दिवशी सिग्नलला थांबले. दिवा विरघळला, पाणी आलं, आईही आली. मी आपलं टोक पुढे केलं. तिनं धरलंच नाही! पाणी ओंजळीत घेतलं, हुंगलं, आणि अशी काही कडाडली, ‘पेट्रोल! हे असलं धुणं लोकांना देतेस? आजारी माणसांना? आधी गाडी दाखव कुणाला तरी, मग मला तोंड दाखव!’

मी कुणालाही न विचारता गाडी सरळ ट्यूनिंगवाल्याकडे घातली. त्यानं ती जमिनीतल्या फिरत्या रुळांवर चढवली, पट्ट्यांनी बांधली, मागे धूर मोजायची नळी खुपसली आणि वेग दिला. चाकं भन्नाट पळतायत, आणि समोरची भिंत जागची हलत नाही! मी शेजारीच बसलेली, माझी गाडी आहे, का नाही बसणार? त्यानं विचारलं, ‘बाई, काचा बंद करून चालवता? चालवताना झोप येते?’ म्हटलं, नाव काढायचं नाही, टक्क जागी असते मी! तो म्हणाला, ‘ह्या गाडीत टक्क जागं कुणी राहूच शकत नाही. कार्बोरेटर मोठा, इंजिन लहान, निम्मं पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय, आणि सगळा धूर मागच्या फटीतून आत. झोप नव्हे बाई, गुंगी ती. अजून काही दिवस असंच चालवलं असतंत, तर एखाद्या सिग्नलला कायमच्या थांबला असतात.’

मी आधी काच खाली केली. मग विचारलं, ‘आणि... त्यात माणसं दिसतात ती?’

‘तीही धुरातलीच.’

डाग कशाचा ते आपण गिऱ्हाइकाला सांगतो ना, तसं म्हणाला. मग स्क्रू पिळले, आतली भोकं बारीक केली, फट बुजवली. इंजिन शिलाई मशीनसारखं सरळ चालायला लागलं. मी हळूच डोळे मिटून पाहिले. काही नाही. भिंत.

मेट्रनबाईंनी चादर हुंगली, ‘आता कसं!’ म्हणाल्या. हॉस्पिटल राहिलं. पण सिग्नल आता नुसता लाल असतो हो... लाल, मग हिरवा. आमचे हे संध्याकाळी गाडीत बसून येतात ते टक्क जागे, आणि आल्या आल्या गळक्या नळाचा विषय काढतात. ‘गं’ तर गेलंच. सायलेन्सर ‘चालतंय’सुद्धा म्हणत नाही. काल दोघांनी मिळून मला धरलं, ‘आमचं दोघांचं नाही, मग ऐकलंस तरी कुणाचं? हे खूळ डोक्यात घातलं कुणी?’

आता खरं सांगावं तर परत म्हणणार झोपेत होतीस. पण सांगितलं. म्हटलं, जिला गुपचूप घड्या घालत बसता आलं असतं, आणि घाणेरडं धुणं बघून जिला गप्प राहवलं नाही, स्वतःची येण्याची वाट जिनं स्वतःच्या नाकापायी बंद करून घेतली, तिनं! कुणी म्हणून काय विचारता?

आईनं.