गळ्याच्या आतले ठसे

आई : आणि मी काय कुणाची शेळी चोरली, म्हणून माझी दहाही बोटं काळी करतेस?

अपोंडी : हलू नकोस गं. करंगळी राहिलीय. आठ दिवस मातीत हात घातला नाहीस म्हणून तर आत्ता रेषा उमटतायत. गेल्या सुट्टीत बोटं नुसती गुळगुळीत होती तुझी.

आई : आठ दिवस तुझी वहिनी मडकी घडवतेय आणि मी बघत बसलेय. बघवत नाही, पण रीत आहे. पहिली भट्टी सुनेनं एकटीनं लावायची.

अपोंडी : अकुमूला जमेल?

आई : नाही जमायचं. माती नीट तुडवलेली नाही, पोटात हवा राहिलीय. शनिवारी आग लागली की एकूण एक फुटणार. मग ओढ्याकाठच्या मातीच्या खाणीवर तिला आम्ही बरोबर नेणार नाही. दुसऱ्या बायकांची लाकडं वाहील, पाणी भरेल.

अपोंडी : जन्मभर?

आई : मग? मला कुणी सूट दिली होती का? माझी पाच मडकी होती. चार फुटली, एक तरलं. हेच, तुझ्या पुढ्यातलं. तुझी आजी माझ्या चुका काढायला टपलेलीच असायची. पण त्या दिवशी तिलाच ते राखेतून काठीनं वर काढावं लागलं आणि सगळ्या बायकांदेखत म्हणावं लागलं, हे उगेन्याच्या पोरीचं. मरेपर्यंत मला नावानं हाक मारली नाही तिनं, माहेरच्या गावावरूनच मारली. पण खाणीवर जागा दिली.

अपोंडी : म्हणूनच मी हे मडकं निवडलं. विद्यापीठात ओगुटू बाईंनी सांगितलंय, जिचा कर्ता नक्की ठाऊक आहे अशी वस्तू घ्या, तिच्यावरचे ठसे घ्या आणि कर्ता तोच निघतो का ते बघा. ते जमलं तरच पुढे खऱ्या गुन्ह्यातल्या वस्तूंना हात लावायचा.

आई : ठाऊक आहे तेच शोधायचं? त्यासाठी दोन वर्षं खोलीचं भाडं भरतोय आम्ही?

अपोंडी : ऐक तर. बाहेरून तू मडकं दगडानं घोटलंयस, तिथे काहीच नाही. पण गळ्याच्या आत टॉर्च तिरका धरला की बोटांच्या रेषा दिसतात. मी त्यांचे साचे काढले. रेषा फार दाट आहेत, एकीला एक चिकटलेल्या. मोठ्या माणसाच्या इतक्या दाट नसतात. दहा-बारा वर्षांच्या मुलीचा हात वाटतो. तुझ्या मदतीला कोणी पोर होती का?

आई : दोन वर्षं शिकून एवढंच? अगं, माती आटते. ओलं असताना दहा बोटं मोजलंस तर भाजल्यावर नऊ भरतं. मडकं आटलं तर त्यावरचा ठसा काय तसाच राहणार?

अपोंडी : थांब. थांब हं, हे लिहून घेते. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

आई : तुमच्या बाईंनी कधी मडकं घडवलंय का?

अपोंडी : दहाला नऊ... म्हणजे ओल्या मातीत रेषा याहून सैल होत्या. मग मोठ्याच बाईचा हात हा. जरा लहानखुरा, पण मोठ्या बाईचा.

आई : म्हणजे माझाच. झालं? पुसू आता बोटं?

अपोंडी : नाही आई. तुझा नाही.

आई : काय नाही?

अपोंडी : तुझ्या दहाही बोटांवर शंख आहेत. मडक्यात चक्र आहे, अंगठ्याचं. गळ्याभोवती सात ठिकाणी तेच. रेषा झिजतात, आटतात, पण शंखाचं चक्र कधी होत नाही.

आई : मग तुझी शाई खराब असेल. पुन्हा घे.

अपोंडी : कालही घेतले होते, तू पाणी प्यायलेल्या पेल्यावरून. तेच आलं. हे भिंग घे, तूच बघ. आणि हे बघ, चक्राच्या मधून एक कोरी रेघ गेलीय. तिथे जुनी जखम असणार.

आई : कशी गेलीय रेघ?

अपोंडी : तिरकी. वरून आतल्या बाजूला.

(आई भिंग खाली ठेवते.)

आई : मासा चिरताना कापला होता तिचा अंगठा. लहानपणी. तोच अंगठा माझ्या प्रत्येक मडक्याच्या काठावरून फिरवायची आणि ओठ मुडपायची.

अपोंडी : आजी?

आई : त्या दिवशी खापऱ्यांचा ढीग मोठा होता गं. चार मडक्यांच्या मानानं फारच मोठा. मला दिसलं होतं. पण एक अख्खं हाती आल्यावर खापऱ्या कोण मोजत बसतं?

अपोंडी : म्हणजे तुझी पाचही फुटली होती, आणि तिनं आपलं एक आधीच आत ठेवलं होतं. पण मला तसं लिहिता येणार नाही. आजीचे ठसे दुसरीकडे कुठेच नाहीत, अंगठा उमटवलेलं ओळखपत्रही ती गेल्यावर सरकारला परत गेलं. मी एवढंच लिहू शकते, की हे तुझं नाही. तू म्हणत असशील तर मी दुसरं मडकं घेते. बाई काही म्हणणार नाहीत.

आई : नको. माझं नाही म्हणून लिही. खोटं शिकायला पाठवलं नाही तुला.

अपोंडी : वाईट वाटतंय का?

आई : वाटतंय ना. पंचवीस वर्षं पाहुण्यांना या मडक्यातलं पाणी मिरवत दिलं मी. पण त्याचं एवढं नाही. ती गेली तेव्हा मला रडू आलं नव्हतं. बायका बघत होत्या म्हणून रडले. त्याचं जास्त वाटतंय.

अपोंडी : तिनं सांगितलं का नाही तुला?

आई : सांगितलं असतं तर मडकं माझं राहिलं असतं का? मान वर करून खाणीवर गेले असते का मी? अकुमू कुठाय?

अपोंडी : सरोवरावर गेलीय, कपडे घेऊन. दुपारशिवाय यायची नाही.

आई : तिची नक्षीची दोरी आण, मडकं तिचंच दिसायला हवं. आणि पडवीतला तो मातीचा गोळा, ओल्या गोणपाटाखालचा. आज घडवलं तर कोठीमागे चुलीच्या उबेला शनिवारपर्यंत वाळेल.

अपोंडी : आई, आणि रीत?

आई : हीच रीत दिसतेय या घराची. मला उशिरा कळली. आणि ऐक, तुझ्या पेटीत ते पातळ हातमोजे आहेत ना? दे एक जोडी.

अपोंडी : हातमोजे कशाला?

आई : उद्या अकुमूच्या पोटी तुझ्यासारखीच एखादी चौकस निघाली तर?

अपोंडी : हे घे. थांब, बोटं नीट घाल. असं. जमतंय?

आई : नाही बाई. मातीचा ओलावाच लागत नाही हाताला. कुठे जाड, कुठे पातळ, काही कळत नाही. असं घडवलं तर हेही फुटेल. ओढून काढ.

अपोंडी : पण मग तुझे ठसे राहतील आत.

आई : गळ्याच्या आतच ना? राहू देत. सापडायला पंचवीस वर्षं लागतात.