सुटे नाहीत

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाप आणि लेक. बापाच्या डोळ्यांत नुकतेच थेंब घातलेले.

"डोळे मिटून बसा, बाबा."

"मिटलेत. काल चौकात पत्ते पुढे करून मला काका का म्हणालीस?"

"जादू दाखवताना मी सगळ्यांनाच काका म्हणते."

"मी सगळ्यांतला का?"

"मला बघून तुम्ही मान फिरवलीत. मग बाबा कशी म्हणू?"

"सोबत साहेब होते गं."

"म्हणून 'सुटे नाहीत' म्हणालात? मी काय भीक मागत होते?"

"तोंडातून निघून गेलं."

"अख्ख्या चौकानं ऐकलं."

"साहेबांनी काढला की पत्ता. तो त्यांच्याच खिशातून निघाला, तर लहान मुलासारखे हसले."

"मी पुढे गेल्यावर काही बोलले?"

"जाऊ दे ना."

"डोळे उघडू नका. सांगा."

"म्हणाले, कोणाची पोर आहे कोण जाणे, पण हात काय चालतो तिचा!"

"आणि तुम्ही?"

"थेंब फार झोंबतायत गं."

"बाबा?"

"मी म्हटलं, हो ना. कोणाची कोण जाणे."